दोषशोधनाचा सराव आणि प्रणाली-प्रशासकाची परीक्षा

संगणकप्रणालीच्या प्रशासनासंबंधीचा लेख भाषाशास्त्राच्या संशोधनपत्रिकेत कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर सरळ व्यवहाराचे आहे. बोलींची ध्वनिमुद्रणे, लेखी भाषेचे संग्रह, कोशांची टाचणे ही सामग्री पूर्वी कपाटांत आणि खोक्यांत राहत असे; आज ती बऱ्याच ठिकाणी लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या एखाद्या यंत्रात राहते, आणि त्या यंत्राची देखभाल पुष्कळदा विभागातील एखाद्या संशोधक विद्यार्थ्याच्याच वाट्याला येते. ज्या निवेदकाची बोली मुद्रित केली तो आज हयात नसेल, तर ते मुद्रण नाहीसे झाल्यावर दुसऱ्यांदा मिळवता येत नाही. असे यंत्र एके दिवशी सुरू व्हायचे थांबले म्हणजे त्याच्यासमोर बसलेल्या व्यक्तीला काय येते, यावर बरेच काही अवलंबून असते. दुसरे उत्तर असे की, आपले काही विद्यार्थी उपजीविकेच्या दृष्टीने प्रणाली-प्रशासकाचे प्रमाणपत्र मिळवू पाहतात. आणि भाषासामग्रीचे पृथक्करण करताना जी शिस्त त्यांनी अंगी बाणवलेली असते, तिचा या परीक्षेच्या तयारीत त्यांना नेमका विसर पडतो असे दिसते. प्रस्तुत लेखात या तयारीचा, आणि विशेषतः दोषशोधनाच्या प्रत्यक्ष सरावाचा, विचार करावयाचा आहे.

या क्षेत्रातील परीक्षा दोन जातींच्या आहेत. लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटची पहिल्या पायरीची परीक्षा, एलपीआयसी-१, दोन प्रश्नपत्रिकांची असते. प्रत्येकीत ६० प्रश्न, वेळ ९० मिनिटे, आणि उत्तरे पर्यायांतून निवडायची किंवा रिकाम्या जागी भरायची. रेड हॅट या कंपनीची आरएचसीएसए ही परीक्षा निराळ्या घडणीची आहे. तीत प्रश्न नसतातच. परीक्षार्थीच्या हाती चालती यंत्रे दिली जातात आणि कामे सांगितली जातात: अमुक वापरकर्ते निर्माण करावेत, अमुक डिस्कचा विस्तार करावा, अमुक सेवा अमुक मार्गाने उपलब्ध व्हावी. सुमारे तीन तासांनी जे तपासले जाते ती यंत्राची अवस्था असते. ३०० पैकी २१० गुण उत्तीर्ण होण्यास लागतात, आणि अट अशी की, केलेली प्रत्येक रचना यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही, कोणी हात न लावता, टिकून राहिली पाहिजे. गिल्बर्ट राइल यांनी १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथात ‘अमुक आहे हे जाणणे’ आणि ‘अमुक कसे करावे हे जाणणे’ यांत जो भेद केला, तो या दोन परीक्षांच्या तुलनेत जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल. भाषेच्या अध्यापकांना तो नवा नाही. व्याकरणाचे सर्व नियम तोंडपाठ असलेला विद्यार्थी त्या भाषेत पाणी मागताना अडखळतो, हे आपण नित्य पाहतो.

आता कोणी म्हणेल की, आरएचसीएसएच्या कामांत बहुतेक कामे रचनेची आहेत, दुरुस्तीची फार थोडी; मग दोषशोधनावर एवढा भर कशाला? जाहीर केलेल्या अभ्यासक्रमात यंत्राच्या आरंभक्रियेत मध्येच थांबून यंत्रात प्रवेश मिळवणे, तसेच फाइलींच्या परवानग्यांतील दोष ओळखून ते दूर करणे, ही कामे स्पष्टपणे नमूद आहेत हे खरे. तथापि आक्षेपाचे खरे उत्तर त्यात नाही. परीक्षेच्या त्या तीन तासांत परीक्षार्थीपुढे जे दोष उभे राहतात ते बहुतांशी त्याने स्वतःच निर्माण केलेले असतात. एक अक्षर चुकते, एक पायरी राहते, आणि जी रचना घरी दहा वेळा जमली ती अकराव्या वेळी चालत नाही. ज्याने केवळ यशस्वी क्रम पाठ केला आहे त्याच्याजवळ या क्षणी काहीच नसते. तो तोच क्रम पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागतो.

पाठांतराची मर्यादा एका उदाहरणाने पाहता येईल. रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याचा पासवर्ड विसरला असता यंत्रात प्रवेश कसा मिळवावा, हे जवळपास प्रत्येक मार्गदर्शिकेत दिलेले असते. यंत्र सुरू होताना ग्रबचा फलक दिसतो. तेथे ‘ई’ ही कळ दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘आरडी.ब्रेक’ हा शब्द जोडायचा. मग जी अर्धवट जागी झालेली प्रणाली हाती येते तीत मूळ फाइलव्यवस्था ‘सिसरूट’ या जागी, केवळ वाचता येईल अशा अवस्थेत, जोडलेली असते. ती लिहिता येईल अशी करायची, तिच्यात प्रवेश करायचा, पासवर्ड बदलायचा, आणि शेवटी मुळाशी ‘ऑटोरिलेबल’ या नावाची, आरंभी टिंब असलेली, एक रिकामी फाइल निर्माण करून बाहेर पडायचे. प्रणालीच्या आवृत्तीनुसार या पायऱ्यांत थोडा फरक पडतो. यांतील शेवटची पायरी सर्वांत निरर्थक दिसते आणि म्हणून सर्वांत आधी विसरली जाते. ती विसरली की पासवर्ड अचूक असूनही प्रवेश नाकारला जातो, आणि विद्यार्थी समजतो की आपण पासवर्डच चुकीचा दिला. वस्तुतः घडलेले असते ते असे: पासवर्ड बदलला त्या वेळी सुरक्षेचे नियम अजून यंत्रात उतरलेले नव्हते, त्यामुळे पासवर्डांची फाइल नव्याने लिहिली गेली ती आपल्या सुरक्षा-लेबलाशिवाय, आणि पूर्ण जागी झालेली प्रणाली लेबल नसलेली ती फाइल वाचू देत नाही. ती रिकामी फाइल म्हणजे ‘सर्व लेबले पुन्हा लाव’ अशी सूचना होय. हे कारण एकदा समजले की पायरी पाठ करावी लागत नाही; आणि विसरलीच, तर लक्षणावरून ती आठवते.

लक्षण आणि कारण यांच्यामधले अंतर कसे तोडावे, हा दोषशोधनाचा गाभा आहे. धूर दिसला म्हणून अग्नीचे अनुमान करणारा आपल्याकडचा नैयायिक त्या अनुमानाला किती अटी घालतो हे सर्वांना माहीत आहे. परंतु आपल्या विषयाला अधिक जवळचे साधन अन्वयव्यतिरेकाचे. जे असताना जे असते आणि जे नसताना जे नसते, त्यांचा संबंध मानावा, ही ती रीत. महाभाष्यात प्रकृती आणि प्रत्यय यांचे अर्थ वेगळे काढण्यासाठी तीच वापरली आहे. ‘वृक्षः’ आणि ‘वृक्षौ’ ही दोन रूपे शेजारी ठेवली की ‘वृक्ष’ हा अंश टिकतो, एक अंत्य अंश जातो व दुसरा येतो; अर्थाच्या बाजूस झाड टिकते, एकत्व जाते व द्वित्व येते. म्हणून टिकणाऱ्या अंशाचा अर्थ झाड, आणि बदलणाऱ्या अंशाचा अर्थ संख्या. आधुनिक वर्णविचारात न्यूनतम भेदाची शब्दयुग्मे आपण शोधतो तीही याच जातीची युक्ती आहे. तिचा प्राण एवढाच की, दोन अवस्थांत फरक एकाच गोष्टीचा असावा. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की निष्कर्ष निघत नाही.

हीच रीत यंत्रापुढे कशी चालते ते पाहू. समजा, विभागाच्या संग्रहाची ओळख करून देणारे एक पान वेब-सर्व्हरवरून दाखवायचे आहे. विद्यार्थ्याने ते आपल्या घरच्या डिरेक्टरीत तयार केले आणि ‘एमव्ही’ या आज्ञेने सर्व्हरच्या डिरेक्टरीत हलवले. सर्व्हर चालू आहे, फाइल जागेवर आहे, वाचण्याची परवानगी सर्वांना आहे; तरीही पाहणाऱ्याला ४०३ हा आकडा आणि मनाईचा संदेश दिसतो. येथे उतावीळ मनुष्य काय करतो? तो परवानग्या आणखी सैल करतो, सर्व्हरची मांडणी बदलतो, अग्निभिंत बंद करतो, सर्व्हर पुन्हा सुरू करतो, आणि हे सारे पाच मिनिटांत. यानंतर पान दिसू लागले तरी कशामुळे दिसू लागले हे त्याला सांगता येत नाही, आणि नाही दिसले तर मूळ एका दोषात त्याने आणखी तीन मिसळलेले असतात.

अन्वयव्यतिरेकाने जाणारा मनुष्य प्रथम क्षेत्र दुभंगतो. त्याच यंत्रावरून पान मागितले तर मिळते का? तेथेही ४०३ च येतो. म्हणजे अग्निभिंतीचा आणि जाळ्याचा संबंध नाही. ज्या अर्थी आकडा येतो त्या अर्थी सर्व्हर ऐकतो आहे आणि उत्तरही देतो आहे. शेजारची दुसरी फाइल मात्र दिसते. म्हणजे सर्व्हरची सर्वसाधारण मांडणीही ठीक आहे. आता दोन फाइलींत फरक कोणता एवढेच उरले. ‘एलएस’ या आज्ञेला मोठ्या ‘झेड’चा पर्याय दिला की फाइलींची सुरक्षा-लेबले दिसतात, आणि तेथे दिसते की एका फाइलीवर वेब-सामग्रीचे लेबल आहे व दुसरीवर घरच्या डिरेक्टरीचे. ‘एमव्ही’ने हलवलेली फाइल आपले जुने लेबल बरोबर आणते; ‘सीपी’ने केलेली नवी प्रत मात्र नव्या जागेचे लेबल घेते. ही लेबले पाहणारी व्यवस्था म्हणजे एसईलिनक्स. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने ती २००० साली प्रसिद्ध केली आणि २००३ साली ती लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आली. संशय पक्का करायचा तर ही व्यवस्था क्षणभर सैल करून पाहावी: सैल केली, पान दिसले, पुन्हा कडक केली, पान नाहीसे झाले. कारण सिद्ध झाले. पुष्कळ जण नेमके पहिल्या अर्ध्यावर थांबतात. व्यवस्था सैल केली, पान दिसले, काम झाले! ही चाचणी आहे, उपचार नव्हे. तशा आज्ञेने सैल केलेली व्यवस्था यंत्र पुन्हा सुरू होताच कडक होते. आणि ती कायमची सैल ठेवावी तर घराची चावी दारालाच अडकवून ठेवल्यासारखे होते. योग्य उपचार ‘रिस्टोअरकॉन’ या एका आज्ञेचा आहे. तिने त्या जागेचे योग्य लेबल फाइलीला परत मिळते.

भाषेच्या अभ्यासकाला या सरावात सर्वाधिक रस वाटावा तो यंत्राच्या संदेशांत. कर्नल एखादे काम नाकारतो तेव्हा तो वाक्य बोलत नाही, केवळ एक क्रमांक परत देतो. त्या क्रमांकाला वाक्य जोडण्याचे काम प्रोग्रॅमांना आधारभूत असलेला कार्यसंग्रह करतो. लिनक्सवर २ म्हणजे ‘अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही’, १३ म्हणजे ‘परवानगी नाकारली’, २८ म्हणजे ‘साधनावर जागा उरली नाही’. क्रमांक थोडे आणि नकाराची कारणे असंख्य. तेव्हा एका रूपाला अनेक अर्थ चिकटणे अपरिहार्यच होते. समोर दिसणारी स्क्रिप्ट चालवू जाता ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर येते आणि नवशिक्या चकित होतो, कारण फाइल तर डोळ्यांसमोर आहे. जी नाही ती स्क्रिप्ट नव्हे. तिच्या पहिल्या ओळीत जिचे नाव आहे ती, तिचा अर्थ लावणाऱ्या प्रोग्रॅमची फाइल नाही. स्क्रिप्ट विंडोजवर लिहिलेली असली तर त्या नावाच्या शेवटी ओळसमाप्तीचे एक अदृश्य चिन्ह चिकटून राहते आणि त्या चिन्हासकट असलेल्या नावाची फाइल अर्थातच कोठे सापडत नाही. संदेश खोटा नाही. त्यातील ‘अशी’ या दर्शकाचा निर्देश आपण चुकीच्या वस्तूकडे घेतला एवढेच.

२८ क्रमांकाचे उदाहरण तर आपल्या कामातले आहे. एका विद्यार्थ्याला लेखी मराठीचा संग्रह वाक्यावाक्याने फोडून प्रत्येक वाक्य स्वतंत्र फाइलीत ठेवायचे आहे असे धरू. डिस्कचा भाग १६ गीगाबाइटांचा आणि फाइलव्यवस्था एक्स्ट४. ही फाइलव्यवस्था घडवतानाच फाइलींच्या नोंदींसाठी, म्हणजे आयनोडांसाठी, जागा ठरवून टाकते. सर्वसाधारणपणे दर १६ किलोबाइटांमागे एक आयनोड. म्हणजे या भागात सुमारे साडेदहा लाख आयनोड झाले. प्रत्येक लहान फाइल निदान ४ किलोबाइटांचा एक ठोकळा अडवते. साडेदहा लाख फाइलींनी अडवली ती सुमारे ४ गीगाबाइट. तेव्हा वाक्यांची संख्या साडेदहा लाखांच्या आसपास गेली की ‘जागा उरली नाही’ असा संदेश येतो, आणि ‘डीएफ’ ही आज्ञा मात्र जवळजवळ तीन-चतुर्थांश डिस्क मोकळी असल्याचे सांगते. दोन्ही विधाने खरी आहेत. ‘डीएफ’लाच ‘आय’चा पर्याय दिला की तिसरे विधान मिळते आणि कोडे सुटते. एक्सएफएस ही फाइलव्यवस्था आयनोड गरजेप्रमाणे निर्माण करते, म्हणून तेथे हा प्रसंग सहसा येत नाही. उलट प्रकारही घडतो: ‘डीएफ’ म्हणते डिस्क भरली, आणि ‘डीयू’ने फाइलींची बेरीज केली तर ती निम्मीदेखील होत नाही. येथे कोणीतरी एखादी अवाढव्य नोंदींची फाइल पुसलेली असते, परंतु ती उघडून बसलेली सेवा अजून चालूच असते. पुसले गेले ते नाव. वस्तू शेवटचा धरणारा सोडीपर्यंत जिवंत राहते. त्या सेवेने फाइल सोडली की जागा मोकळी होते. हाच २८ क्रमांक फाइलींवरील बदलांची पाळत ठेवणाऱ्या यंत्रणेची मर्यादा संपल्यावरही दिला जातो, आणि तेथे तर डिस्कचा संबंधच नसतो. अनेकार्थकतेचे याहून निर्मळ उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

अशा प्रसंगांची ओळख पुस्तकातून होते, सवय होत नाही. सवयीसाठी मोडता येईल असे यंत्र पाहिजे. सुदैवाने त्याला खर्च फार नाही. ८ गीगाबाइट स्मृती असलेल्या साध्या संगणकावर केव्हीएम किंवा व्हर्च्युअलबॉक्सच्या साह्याने दोन आभासी यंत्रे सुखाने चालतात. रेड हॅटची मूळ प्रणाली वैयक्तिक विकासकाला १६ यंत्रांपर्यंत विनामूल्य मिळते. शिवाय तिच्याशी सुसंगत अशा अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या प्रणाली २०२१ पासून उपलब्ध आहेत. जुन्या मार्गदर्शिकांत सेंटओएस वापरण्याचा सल्ला असतो. त्याची आठवी आवृत्ती ३१ डिसेंबर २०२१ रोजी आणि सातवी ३० जून २०२४ रोजी कालबाह्य झाली, हे ध्यानात ठेवून ती पुस्तके वाचावीत.

सरावाची उत्तम रीत दोघांची आहे. एकाने मोडावे, दुसऱ्याने जोडावे, आणि मोडणाऱ्याने काय केले हे पाकिटात लिहून बंद ठेवावे. मोडणे हे स्वतःच एक शिक्षण आहे. बाहेरून निरोगी दिसणारा दोष घालण्यासाठी प्रणाली चांगली समजलेली असावी लागते. एफएसटॅब या फाइलीत डिस्कच्या ओळखक्रमांकातील एक अक्षर बदलावे: यंत्र पुढच्या वेळी सुरू होताना त्या डिस्कची सर्वसाधारणपणे ९० सेकंद वाट पाहील आणि मग आणीबाणीच्या अवस्थेत जाऊन थांबेल. सेवा चालू करावी पण आरंभी आपोआप सुरू होण्याची नोंद करू नये. अग्निभिंतीत मार्ग उघडावा तो केवळ चालू सत्रापुरता. सर्व्हरला ८० ऐवजी ८२ क्रमांकाच्या द्वारावर बसवावे. येथे सर्व्हरची मांडणी, एसईलिनक्सची द्वारांची यादी आणि अग्निभिंत अशी तीन कुलपे एकामागे एक आहेत, आणि एक उघडल्यावर पुढचे दिसते. एकट्याने अभ्यास करणाऱ्याने असे दहा-बारा दोष घालणाऱ्या लहान स्क्रिप्टा लिहून त्यांतील एक यदृच्छेने निवडण्याची सोय करावी. आठवडाभराने कोणती स्क्रिप्ट काय करते हे पुरतेपणी आठवत नाही, आणि तेच हवे असते.

जोडणाऱ्याने वही ठेवावी. क्षेत्रकार्याची वही ज्याने ठेवली आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. यंत्राला हात लावण्यापूर्वी लक्षण त्याच्या शब्दांत, म्हणजे संदेश अक्षरशः, उतरवावा. मग तर्क लिहावा; मग तो खरा असेल तर काय दिसावे आणि खोटा असेल तर काय, हे लिहावे; मग चाचणी. ज्या बदलाने काही साधले नाही तो मागे घेऊन मगच पुढचा करावा. आणि दोष गेला म्हणजे काम संपले असे मानू नये. जो बदल कारण ठरला तो उलटा फिरवून तेच लक्षण पुन्हा येते का ते पाहावे. ही शेवटची पायरी विद्यार्थ्यांना वेळेचा अपव्यय वाटते. माझ्या मते सबंध सरावात तिच्याइतके मोलाचे काही नाही, कारण तिच्याशिवाय व्यतिरेक अपुरा राहतो. आभासी यंत्राच्या पूर्वावस्थेत एका कळीने परतण्याची जी सोय असते तिचा उपयोग मात्र काटकसरीने करावा. सराव संपल्यावर यंत्र पूर्ववत करण्यासाठी ती आहे. अडचण येताच मागे उडी मारण्यासाठी तिचा वापर करणारा विद्यार्थी दुरुस्ती शिकत नाही.

येथे एका प्रचलित मार्गाविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. परीक्षेत विचारलेली म्हणून सांगितली जाणारी कामे उत्तरांसह विकत वा फुकट मिळतात, आणि त्यांवर विसंबणारे पुष्कळ आहेत. परीक्षार्थीने परीक्षेतील मजकूर गुप्त राखण्याचा करार केलेला असतो. तेव्हा अशा सामग्रीचा उगमच करारभंगात आहे, आणि अशा मार्गाने मिळवलेले प्रमाणपत्र रद्दही होऊ शकते. परंतु नीतीचा मुद्दा बाजूस ठेवला तरी नुकसान उरतेच. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची आहे. त्या तीन वर्षांत हा मनुष्य कोणत्या तरी यंत्रासमोर बसणार, आणि त्या यंत्राने ती उत्तरे वाचलेली नसणार.

वाईट दुरुस्ती ही मूळ दोषाहून घातक असते. परवानगी नाकारली असे दिसताच संपूर्ण फाइलव्यवस्थेवर ७७७ चा अंक फिरवणारे लोक आहेत. याने सर्वांना सर्व परवानग्या मिळतात असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात दूरस्थ प्रवेश देणारी एसएसएच सेवा इतक्या सैल परवानग्यांच्या किल्ल्या स्वीकारण्यास नकार देते. ‘सुडो’ या आज्ञेच्या फाइलीवरील विशेष अधिकाराची खूण नाहीशी होऊन तीही निकामी होते. आणि मूळच्या हजारो फाइलींच्या परवानग्या काय होत्या हे आता कोणालाच सांगता येत नाही. तसेच एक्सएफएस दुरुस्त करण्याच्या आज्ञेला मोठ्या ‘एल’चा पर्याय दिला की न लिहिल्या गेलेल्या बदलांची नोंदवही पुसली जाते. तो शेवटचा उपाय असून नाइलाजाने करायचा आहे. पण शोधताना पहिल्याच उत्तरात तो सापडला म्हणून पहिल्याच मिनिटात केला जातो. ज्या डिस्कवर दुसरी प्रत नसलेली ध्वनिमुद्रणे आहेत तिच्यावर काहीही करण्यापूर्वी तिची जशीच्या तशी प्रत काढावी, आणि प्रयोग त्या प्रतीवर करावेत. परीक्षेत याला गुण नाहीत. वहीलाही नाहीत. तेथे वेळ मोजला जातो, आणि म्हणून परीक्षेची तयारी एका प्रकारच्या घाईची सवय लावते. विभागातील यंत्राला नेमकी उलटी सवय हवी असते. प्रमाणपत्र मिळालेल्या विद्यार्थ्याच्या हाती संग्रहाच्या किल्ल्या देताना हा फरक विभागप्रमुखांनी विचारात घ्यावा असे वाटते. सरावात दोन्ही चाली ठेवता येतात: काही दिवस घड्याळ लावून, आणि काही दिवस घड्याळ काढून, प्रत्येक पाऊल लिहून.

परीक्षेत जाळ्यावर शोध घेता येत नाही, सोबत पुस्तक नेता येत नाही. मात्र प्रणालीबरोबर येणारी माहितीपाने उघडी असतात. सरावातही सुरुवातीपासून तेवढ्यावरच भागवावे. या पानांची परंपरा जुनी आहे. युनिक्सच्या पहिल्या संहितेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असून केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांची नावे आहेत. तीतही पानाच्या शेवटी त्या आज्ञेतील ज्ञात दोष सांगणारे कलम होते, हे त्या लेखकांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय. पाने आठ विभागांत वाटलेली आहेत आणि एकच नाव दोन विभागांत असू शकते. ‘पासडब्ल्यूडी’ हे पहिल्या विभागात पासवर्ड बदलण्याच्या आज्ञेचे नाव आहे, पाचव्या विभागात वापरकर्त्यांच्या यादीच्या फाइलीचे. विभागाचा अंक न देता पान मागितले की आज्ञेचे मिळते, आणि फाइलीची रचना शोधणारा विद्यार्थी भलतेच पान वाचत बसतो. कोशात समरूप शब्दांना आपण अंक देतो, तसाच हा प्रकार. आज्ञेचे नावच आठवत नसेल तर ‘ॲप्रोपोस’ ही आज्ञा विषयावरून पाने शोधून देते. तिला काही सापडेना तर प्रथम पानांची अनुक्रमणी नव्याने करून घ्यावी.

शेवटी वेळेविषयी. तीन तासांपैकी अखेरची २५ ते ३० मिनिटे नव्या कामासाठी धरूच नयेत. एफएसटॅबला हात लावला असेल तर यंत्र पुन्हा सुरू करण्यापूर्वी ‘माउंट’ला ‘ए’चा पर्याय देऊन सर्व जोडण्या तेथेच तपासाव्यात; चूक असेल तर ती आणीबाणीच्या अवस्थेऐवजी चालत्या यंत्रावर कळते. त्यानंतर यंत्र पुन्हा सुरू करावे आणि कामांची यादी पहिल्यापासून घेऊन प्रत्येक रचना प्रत्यक्ष आहे का ते पाहावे. जी सेवा उठली नसेल तिच्या नोंदी ‘जर्नलसीटीएल’ने वाचाव्यात, आणि हाताशी उरलेली वीस मिनिटे त्या एकाच दोषाला द्यावीत.